श्वास पाण्यातच सोडायचा

"तू श्वास पाण्यात सोडू नकोस," मॅडम म्हणाल्या.

रत्नागिरीतला तरणतलाव. सकाळची बायकांची बॅच. काठाची दांडी धरून आम्ही सगळ्या कमरेएवढ्या पाण्यात ओळीने उभ्या होतो. आदल्या दिवशी याच मॅडमनी शिकवलं होतं. तोंड वर काढून श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि तो श्वास नाकातोंडातून सावकाश, शेवटपर्यंत पाण्यातच सोडायचा. बुडबुडे दिसले पाहिजेत. छाती रिकामी झाली की पुढचा श्वास आपसूक आत येतो. पोहणं म्हणजे आधी हे, हातपाय नंतर. आणि आज मला एकटीलाच सांगत होत्या, हनुवटी वर ठेव.

मी विचारलं, का? मॅडमनी काकूंकडे बघितलं.

काकू म्हणजे मोठ्या बागायतदारांच्या घरातल्या. मॅडमसकट सगळी बॅच त्यांना काकू म्हणायची. मीसुद्धा म्हणायचे. त्याच बोलल्या. "अगो, तेच पाणी आमच्या तोंडात जातं."

शेजारच्या बायका तोंडात पाणी घेऊन एकमेकींच्या अंगावर चुळा टाकत होत्या. ते पाणी कोणाच्या तोंडात जात नव्हतं वाटतं.

मला कळलं. आदल्या दिवशी कपडे बदलताना काकूंनी विचारलं होतं, "गाव कुठचं गो तुझं?" मी सांगितलं. मग लगेच, "आणि वाडी?" परक्याला हा साधा प्रश्न वाटेल. आमच्याकडे आडनावावरून काही कळलं नाही की वाडी विचारतात. वाडी कळली की जात कळते. मी बौद्धवाडी म्हटलं. लपवायचं काय त्यात? काकू हसून बरं बरं म्हणाल्या आणि बाकावर माझ्या टॉवेलाला लागलेला आपला टॉवेल उचलून पलीकडे ठेवला.

मी तिथे हौसेने गेले नव्हते. मला दमा आहे. आईबाबा चिरेखाणीत दगड कापायला होते आणि मी तिथल्याच लाल धुरळ्यात खेळून मोठी झाले. आता कापडाच्या दुकानात उभी असते. तागे झटकले की छाती शिट्ट्या मारायला लागते. डॉक्टरांनी समजावलं होतं की दम्यात माणूस हवा आत ओढायला तडफडतो, पण खरी अडते ती बाहेर पडताना. पाण्यात तोंड घालून लांब श्वास सोडायची सवय झाली की छातीला बळ येतं, जीव घाबरा होत नाही. तोंडाने ओढायचा औषधाचा पंप बंद करायचा नाही, पण पोहायला जा. म्हणजे मी श्वास सोडायला आले होते. नेमका तोच मला बंद केला.

तरी मी गेले. मान वर ठेवून हातपाय मारत राहिले. मग एके दिवशी मॅडम म्हणाल्या की तू खोल टोकाला जा, जाळीपाशी. पाणी इकडच्या नळातून येतं, तिकडच्या जाळीतून बाहेर जातं. एवढंच बोलल्या आणि शिट्टी वाजवायला वळल्या.

गावच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, असंच होतं. वरच्या डोहात वरच्या वाडीची माणसं, त्यांच्याखाली त्यांची गुरं, गुरांच्या खाली आम्ही. लहान असताना मी एकदा वरच्या डोहात पाय घातला म्हणून बाबांनी त्या लोकांसमोर मला मारलं होतं. त्यांनी हात उचलायच्या आधी स्वतः मारलं. तलावाला वर नसतं, खाल नसतं, असं मला वाटायचं. यांनी शोधून काढलं.

जाळीपाशी पाय टेकत नव्हते. दांडी धरून, मान ताणून मी श्वास घेत राहिले. घेतलेला बाहेर पडेना, त्याच्यावर दुसरा घेतला. छाती भरली आणि गच्च झाली. मी ओरडले, पंप द्या. पंप काठावरच्या बाकावर होता, माझ्या पिशवीवर, तिथेच बसलेल्या काकूंच्या हाताशी. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. हात काही हलला नाही. मॅडमनी लांबूनच बांबू पुढे केला. त्याला धरून मी शिडीपर्यंत आले, आणि वर चढून गुडघ्यांवर रांगत बाकापर्यंत गेले. सगळ्या बघत होत्या. मी पंप ओढत असताना काकू म्हणाल्या, "झेपत नाही तर यावं कशाला माणसाने?"

संध्याकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "खाली तं खाली, बाय. पवायला मिलतंय ना? मग कशाला भांडतेस?"

काकूंनी मला जितकं कापलं नव्हतं तितकं या वाक्याने कापलं. ज्या हाताने मला पऱ्यावर मारलं होतं, तोच हात अजून भीत होता. बाबांवर माझा राग नाही. जन्मभर त्यांनी श्वास धरून ठेवला, आणि तेच मला शिकवलं. मला ते शिकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पंप काठावर, हाताशी ठेवला आणि नळाच्या टोकाला उतरले. सगळ्यांच्या वर. मॅडमनी शिट्टी वाजवली. मी तोंड उघडून श्वास घेतला, चेहरा पाण्यात घातला आणि सोडला. अगदी तळापासून, छाती रिकामी होईपर्यंत. कानांत नुसता बुडबुड्यांचा आवाज. मान वळवून घेतला, पुन्हा सोडला.

डोकं वर काढलं तेव्हा बायका भराभर शिडी चढत होत्या. काकू पाण्यातच राहिल्या होत्या. "मॅडम, हिला सांगा," म्हणाल्या.

मीच सांगितलं. "मी इथेच श्वास सोडणार. ज्यांना चालत नाही त्यांनी जाळीपाशी जावं."

त्या दिवशी बाकीच्या कोणी पोहल्या नाहीत. पाणी बदला, अशी मागणी केली म्हणे. बदला. कितीदा बदलाल? मला बॅचमधून काढायचं तर लेखी काढा, कारण लिहा. तो कागद घेऊन कुठे जायचं ते मला माहीत आहे.

मी रोज जाते. नळाच्या टोकाला उतरते, तोंड पाण्यात घालते आणि श्वास सोडते. माझ्याकडून निघालेलं पाणी त्यांच्याकडे जातं. जाऊ दे.