पहिलीच्या गुरुजींना काहीच येत नाही

आमच्या पहिली-दुसरीच्या गुरुजींइतका अडाणी माणूस सातारा आणि सांगली मिळून दोन जिल्ह्यांत सापडायचा नाही, असं त्यांच्या वर्गातल्या एकूण एक मुलाचं ठाम मत होतं. गुरुजींना आठानंतर काय येतं ते आठवत नसे, 'क'चं पोट कुठल्या बाजूला ते कळत नसे. मुलं कीव येऊन त्यांना शिकवत. "गुरजी, कवा कळायचं वं तुमाला?" असं म्हणत एका पोरीनं त्यांच्या हातातला खडू काढून घेतलेला मी स्वतः पाहिला आहे. कोरेगावच्या पूर्वेला माळावरची आमची दोन शिक्षकांची शाळा, मी तिथली मुख्याध्यापिका. भिंतीअलीकडं माझी तिसरी-चौथी पाढे म्हणायची आणि पलीकडं गुरुजींचा वर्ग एसटी होऊन घरघरत असायचा. फळ्यावर गावांची नावं. ज्याला जे वाचता येईल त्यानं तिथं उतरायचं. एकदा रहिमतपूरला बाकीचे सगळे उतरले, पण एक पोरगा उंब्रजच्या जोडाक्षरात अडकला. शाळा सुटल्यावर त्याची आजी न्यायला आली, तर गुरुजी तिला म्हणाले, "थांबा आजी, त्याचं गाव अजून आलं नाही." मी आवाज कमी करा म्हटलं की म्हणत, "बाई, ती गप्प बसली तर मला शिकवणार कोण?"

त्यांना न शिकवणारी एकच पोर होती. मेंढपाळाची मुलगी, जूनपासून रोज यायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तोंडातून शब्द नाही. दिवाळी झाली तसा तिचा बाप माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आवं मोठ्या बाई, पाच म्हैनं झालं, पोरगी मुकीच हाय. चार दिसांनी आमी मेंढरं घिऊन कोकणात निगणार. आत्याकडं ठिवून काय उपेग? संगट आली तर कोकरं तरी राकंल." एकदा कळपाबरोबर गेलेली पोर परत वर्गात बसलेली मी फारशी पाहिलेली नाही. तरी मी दाखल्याचं रजिस्टर काढायला लागले. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "जायच्या आधी घटकाभर वर्गात बसा की."

बाप दारात उकिडवा बसला. गुरुजींनी कोपऱ्यात व्हॉलीबॉलची जुनी जाळी बांधून वाघर केली, म्हणजे मेंढरं कोंडायचं कुंपण. मुलं मेंढरं झाली, मैदानात चरली, बें बें करत परतली. गुरुजींनी मोजलं, "अठरा! आली सगळी," आणि जाळी ओढली.

"सगळी कुटं?" खिडकीशेजारच्या भिंतीजवळून आवाज आला. "भाईर पान्याच्या टाकीमागं येक ऱ्हायलंय की! जाळी काय लावताय? कोल्हं न्हील त्येला!"

पोर पुढं आली, गुरुजींना बाजूला सारलं आणि पाठींवर हात ठेवत जोडीजोडीनं मोजत गेली. दोन, चार, सहा… "सोळा, आन् ह्ये येक. सतराच हायती."

बाप उठला, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. "लय रागावती की गुरजीला," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे आत्याकडं."

मी रजिस्टर कपाटात टाकलं आणि इतकी हलकी झाले की चहा सांगायलाही विसरले. संध्याकाळी म्हटलं, "गुरुजी, चुकायची युक्ती आज कामाला आली बरं का." त्यांनी कपाळ पुसलं. "युक्ती कसली बाई! बाप टक लावून बघत होता. घाबरून खरंच चुकलो."

चौथ्या दिवशी कळप शाळेवरून गेला. शेवटी सामान लादलेलं घोडं, त्याच्या बाजूनं पोरीची आई. कुंपणाशी येऊन तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि झपाझप पुढं गेली. नंतर मागं वळून पाहिलं नाही.

"बाई, आपण बरं केलं ना?" गुरुजींनी विचारलं.

"बरंच केलं," मी म्हणाले. आजही तेच म्हणेन. पण धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो. पोर आमच्या आधी आत जाऊन बसली होती.