काकूंची अर्धी गोळी

माझं मांजर लंगडायला लागलं, तेव्हा घोडपदेवहून परळला डॉक्टरांकडे नेलं. सोबत शेजारच्या काकू आल्या. आमच्या चाळीत कुणाचंही काही दुखलं की काकूंच्या बिस्किटाच्या डब्यातली गोळी ठरलेली.

डॉक्टरांनी सुई भरण्याआधी विचारलं, "माणसांची दुखण्याची गोळी दिली नाही ना? त्यावर हे इंजेक्शन दिलं तर किडन्या जातील."

मी छातीठोकपणे नाही म्हटलं. काकू माझ्या बाजूलाच उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मांजर गेलं. मग काकू म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी दुधातून अर्धीच दिलेली गं. तू ओरडशील म्हणून तिथे बोलले नाही."

अर्धीच म्हणे! ओरडलेच असते मी. आणि ते ऐकायला मांजर जिवंत असतं.