जुलैत घेतलेले विषय

आमच्या मोहर्लीत माणसं मोठे निर्णय जुलैत घेतात. जून संपला की ताडोब्याचं मुख्य गेट बंद होतं, ते थेट ऑक्टोबरात उघडतं. जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, बफरमध्ये, थोड्याफार फेऱ्या चालू असतात, पण पावसातला चिखल बघायला पाहुणे येऊन येऊन किती येणार? गाईड, जिप्सीचे ड्रायव्हर, रिसॉर्टातले आचारी असं निम्मं गाव घरी बसतं. रिकाम्या माणसाला वर्ष फार लांबलचक दिसतं. कुणी घरावर स्लॅब टाकायला काढतो, कुणी सोयरीक पक्की करतो. एकाने भर जुलैत कोंबड्यांचा धंदा मांडला. गेट उघडल्यावर त्याला दाणे टाकायलाही वेळ मिळेना, तेव्हा सगळ्या कोंबड्या रिसॉर्टाच्या स्वयंपाकघरात पोचवून तो मोकळा झाला. मी अशाच एका जुलैत चंद्रपूरच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं आणि मिळत होते तेवढे सगळे विषय घेतले.

मी जंगलात गाईड आहे. बारावीनंतर गावातल्या मुलींसाठी गाईडचं प्रशिक्षण निघालं, मी गेले, आणि चार वर्षं कशी गेली ते कळलं नाही. जिप्सीत ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, पाहुण्यांना झाडं, पक्षी, पगमार्क दाखवायचे आणि वाघ दिसला नाही तर त्याच्या वतीने माफी मागायची. काम मला आवडतं. पण मला रेंजर व्हायचं होतं. रेंजरची गाडी गेटवर आली की थांबत नाही, बॅरियर आपोआप वर जातो. ते बघून बघून माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. कारण फारसं थोर नाही, पण खरं तेच आहे. रेंजरच्या परीक्षेला पदवी लागते आणि वयाची अटही असते. म्हणून मला घाई होती.

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमनी नवीन पद्धत समजावून सांगितली. आता विषयांचे क्रेडिट असतात, मुख्य विषय वेगळा, जोडीचा वेगळा, शिवाय आवडीचे एकदोन. नोकरी करणाऱ्यांनी क्रेडिट कमी घेतले तरी चालतं, पदवीला वेळ लागतो इतकंच. त्या म्हणाल्या, "तू काम करतेस ना? मग निम्मे घे. सावकाश होऊ दे."

मी म्हटलं, "नाही मॅडम, सगळे घेते. माझ्याकडे वेळच वेळ आहे."

त्या दिवशी ते अगदी खरं होतं. जुलै महिना होता.

घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. ती रिसॉर्टात पोळ्या लाटायला जाते, त्यामुळे तीही रिकामीच होती. "सगळेच्या सगळे घेतले?" तिने विचारलं. "बाप्पा! वाघ तरी एक सांबर चार दिवस बसून खाते. तू एका दिवसात सारं गिळतं का काय वं?" मला तिचा राग आला. वाघ शिकार पुरवून पुरवून कसा खातो हे मी पाहुण्यांना रोज सांगते, ते आईने मलाच ऐकवावं हे मला पटलं नाही.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे गेले की विचारू नका. रोज स्कूटीवरून चंद्रपूरला जायचे, पहिल्या बाकावर बसायचे, सगळी प्रॅक्टिकलं वेळेत पूर्ण करायचे. शेजारी बसणारी मुलगी मूल गावची होती आणि बेडकाच्या चित्रालाही घाबरायची. तिला मी बेडूक शिकवला, तिने मला रसायनशास्त्र. वर्गात मी वयाने मोठी, तरी हुशार म्हणून माझं नाव झालं. मनात म्हटलं, मॅडमना माणसं ओळखता येत नाहीत.

मग ऑक्टोबर आला आणि गेट उघडलं.

आमच्या गेटवर सगळं नंबरावर चालतं. कुठल्या जिप्सीत कुठला गाईड हे पाहुणे ठरवत नाहीत, नंबर ठरवतो. नंबर पुकारला तेव्हा आपण हजर नसलो तर गाडी पुढच्याला मिळते आणि सगळ्यांची पाळी फिरून येईपर्यंत हात चोळत बसावं लागतं. अडीअडचणीला नंबर बदलता येतो. मयत, लग्न, दवाखाना यांना कुणी नाही म्हणत नाही. पण कॉलेज ही अडचण नवी होती आणि ती दर दोन दिवसांनी येत होती. मी एकाकडून सकाळ घेऊन त्याला दुपार द्यायचे, दुसरीकडून रविवार घेऊन तिला बुधवार. दिवाळीपर्यंत निम्म्या गाईडांशी माझी अशी देवाणघेवाण झाली होती आणि कुणाची पाळी कधी भरून द्यायची आहे ते मला झोपेतही आठवायचं.

नंबर पुकारायचं काम आमच्यातल्या सगळ्यात जुन्या गाईडकडे आहे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. भाऊंनी स्वतःचा नंबर आजवर कुणाशी बदललेला नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही ते सकाळची फेरी मारून तसेच मांडवात गेले, गाईडच्या खाकी शर्टातच अक्षता टाकल्या. त्यांनी एकदा मला बाजूला घेतलं. "पोरी, तू नंबर बदलवून नाई राह्यली, तू आमचा साराच नंबर इकडचा तिकडं करून राह्यली. एक काय ते ठरव." मी हो म्हटलं आणि पुढचे दोन नंबर बदलले.

परीक्षेच्या वेळी नेमकी नाताळची गर्दी होती. एका पेपरच्या दिवशी सकाळी माझा नंबर आला आणि बदली द्यायला कुणीच मोकळं नव्हतं. हिशेब तसा सोपा होता. सकाळची फेरी संपवून बाहेर पडायचं, स्कूटी काढायची, दुपारच्या पेपरला आरामात पोचायचं.

परतीच्या वाटेवर वाघीण बसली. वाटेच्या कडेला नाही, ऐन मधोमध. पुढे जिप्स्या, मागे जिप्स्या, वळायला जागा नाही, आणि खाली उतरायची तर परवानगीच नाही. ती आधी बसली, मग आडवी झाली, मग कूस बदलून झोपली. माझ्या गाडीत नागपूरचं एक कुटुंब होतं. आजोबांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, "तुमच्यामुळे दिसला हो वाघ. किती नशीबवान तुम्ही, रोज बघता!" मी मान हलवली. माझी नजर ड्रायव्हरच्या मनगटावरच्या घड्याळावर होती. इतक्या वर्षांत मला जंगलातल्या कुठल्याच जनावराचा राग आला नव्हता. त्या दिवशी त्या वाघिणीचा आला, आणि असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आजीबाईंना वाटलं, मी भारावून गेले. त्यांनी मला रुमाल दिला.

परीक्षेच्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा आत घेण्याची वेळ टळून गेली होती. दारावरच्या सरांनी विचारलं, उशीर काऊन झाला. मी म्हटलं, "सर, रस्त्यात वाघ बसला होता."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, "पोरी, या जिल्ह्यात ज्याले ज्याले उशीर होते, त्याच्या रस्त्यात वाघच बसते." मग त्यांनी दार लावून घेतलं.

जानेवारीत पुढच्या सेमिस्टरचे विषय निवडायचे होते. मॅडम काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी निम्मे घेतले. पेनाने खूण करताना एकेक विषय गाळायचा होता आणि प्रत्येक गाळलेल्या विषयाबरोबर रेंजरची गाडी थोडी लांब जात होती. मूलची मुलगी शेजारी उभी राहून सगळ्या चौकटींवर खुणा करत होती. मला तिचा हेवा वाटला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं. वेळ लागन, पण होईन." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर निदान मला भांडता आलं असतं.

त्यानंतर सगळं ठीक चाललं. पाळ्या बदलणं कमी झालं, पेपर सुटेनात, भाऊ माझ्याशी पुन्हा हसून बोलू लागले. राहिलेला पेपरही निघाला. फक्त वर्ग पुढे गेला आणि मी मागे राहिले. कॉलेजात माझ्या शेजारी आता कुणी नवीनच बसायचं आणि मला ताई म्हणायचं.

माझा जुना वर्ग तिसऱ्या वर्षाला गेला, तेव्हा हिवाळ्यात त्यांची अभ्यास सहल ताडोब्याला आली. हा वन्यजीवांचा विषय होता, क्षेत्रभेटीचे वेगळे क्रेडिट असलेला. मी अजून त्या विषयापर्यंत पोचलेच नव्हते. गेटवर बस थांबली, मॅडम उतरल्या आणि भाऊंनी नंबर पुकारला. पहिल्या जिप्सीचा नंबर माझा होता. मॅडमनी मुद्दाम मागितला असता तर मिळाला नसता.

त्या सकाळी वाघ दिसला नाही आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी त्यांना ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल दाखवली, झाडावरचे नखांचे ओरखडे दाखवले, माकडाचा इशाऱ्याचा आवाज आणि नुसती भांडणं यातला फरक ऐकवला. आत मोबाइल चालत नाहीत, त्यामुळे सगळे वहीत लिहीत होते. मॅडमही लिहीत होत्या. मूलची मुलगी मागून सारखं विचारत होती आणि दर वेळी मला "मॅडम, एक शंका" म्हणून खिदळत होती. मी बोलत होते आणि मला फार बरं वाटत होतं. इतकं नीट मी कुठल्या पेपरात लिहिलं नसेल.

बाहेर आल्यावर मॅडमनी हजेरीचा कागद काढला. तो मागच्या सीटवरून सह्या होत होत पुढे आला आणि पेनासकट माझ्या मांडीवर थांबला. माझं नाव त्यात नव्हतं. ते नसणार हे मला माहीत होतं, तरी मी वरून खालपर्यंत वाचला. मग ड्रायव्हरने विचारलं, "तुही सही?"

"माझी नाई," म्हटलं आणि कागद मॅडमकडे दिला.

सगळे खाली उतरलो तेव्हा मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी हा विषय नक्की घे."

"घेईन. पण सहलीच्या दिवशी माझा नंबर आला तर?"

मॅडम हसल्या. मी गंमत करत नव्हते. भाऊ बाजूलाच दुपारचे नंबर लावत उभे होते. मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशीचा तुहा नंबर मी घेतो. तू मागं बसजो, पोराईत."

"भाऊ, तुम्ही तं नंबर बदलत नाई."

"बदलवून कुठी राह्यलो? घेऊन राह्यलो. तुह्याकडून मले काही परत नाई पाहिजे."

मी ठीक आहे म्हटलं. मग सगळे बसकडे गेल्यावर रिकाम्या जिप्सीत वर चढले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. इतकी वर्षं मी पुढेच बसत आले होते. मागून रस्ता जरा उंचावरून दिसतो, हे मला माहीत नव्हतं.