चापडा दिसेपर्यंत भरीत नाही

सापांचं वेड असलेल्या घरात किस्से कातेसारखे सापडतात. कपाट सरकवलं की एक निघतोच. आमच्या यांचं वेड तर मोशीत सोसायट्या नव्हत्या, इंद्रायणीकाठी नुसती शेतं होती, तेव्हापासूनचं.

मला बघायला आले तेव्हा पोहे बाजूला ठेवून यांनी माझ्या वडिलांना पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या गोठ्यात घोणस येती का?"

वडिलांना वाटलं, घर पारखताहेत. "छे छे, आमच्याकडे अगदी स्वच्छता असते."

यांचा चेहरा उतरला. आई आत येऊन म्हणाली, "मुलगी पसंत नाही वाटतं."

*

हे चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला. एकदा फर्स्ट शिफ्टला कॉम्प्रेसरपाशी सूंऽऽ आवाज. एअर लीक म्हणून सुपरवायझरने सगळे जॉइंट आवळले, तरी आवाज थांबेना. हे लांबून ऐकत उभे.

"साहेब, पाना खाली ठेवा. ही लीक न्हाई, घोणस हाय."

पुढच्या क्षणी तिथे एकटे हेच उरले. घरी येऊन मला म्हणाले, "काय आवाज होता गं. तू हवी होतीस."

दुसऱ्यांचे नवरे असं सिनेमा बघून म्हणत असतील.

*

यांना खरी ओढ मात्र मलबारी चापड्याची. आंबोलीच्या जंगलातला हिरवा, विषारी साप. दिसतो तो पावसाळ्यात, आणि फांदीवर बसला की दिवसभर हलत नाही, म्हणे. पण दर पावसाळ्यात काहीतरी आडवं यायचं. कधी ओव्हरटाइम, कधी नणंदेचं बाळंतपण, कधी घाटात दरड. भरलेली बॅग मी उपसायचे, रेनकोटची घडी घालायचे. हे खिडकीतून पाऊस बघत बसायचे.

*

एका नागपंचमीला शेजारच्या सोसायटीत घोणस निघाली. यांनी ती काठीने अलगद बरणीत घेतली, वनखात्याला फोन केला. तोवर बायका दूध-लाह्या घेऊन हजर.

"वहिनी, हा नाग न्हाई. आन् दूध कुठलाच साप पीत न्हाई."

"असू दे भाऊ. घोणस तर घोणस, आज मान तिचाच."

मीही लांबून हात जोडले. चातुर्मासात वांगं तसंही बंद होतं. पुटपुटले, तुझा हिरवा भाऊ यांना दिसेपर्यंत पुढेही भरीत खाणार नाही.

सासूबाई म्हणाल्या, "बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी व्रत करत्यात. तू सापासाठी?"

"एकच आहे ते," मी म्हणाले.

तेव्हापासून दर चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, सगळ्यांना वाढायचं आणि आपण रोडगा आमटीत कुस्करायचा.

*

यंदा डॉक्टरांनी यांच्या गुडघ्यांना चढण बंद सांगितली. आता नाही तर कधीच नाही, म्हणून आंबोलीला गेलो. हे वाटाड्याबरोबर जंगलात, मी देवळात. दर्शन घेऊन बाहेर आले तर पायरीशेजारच्या झुडपावर तो. हिरवागार, शांत. फोनला रेंज नाही. तो हलू नये म्हणून मी छत्रीखाली लांब उभी राहून जप करत राहिले.

संध्याकाळी हे लंगडत आले. "न्हाई गं दिसला."

"अहो, हळू या. तिथूनच बघा."

कुठल्याच देवासाठी न थांबणारा माणूस ओल्या पायरीवर बसला, तो अंधार पडेपर्यंत उठला नाही.

मग चंपाषष्ठी आली. नैवेद्य झाला, आणि इतक्या वर्षांनी मी माझ्या ताटात भरीत वाढून घेतलं. पहिला घास उचलला, तोच यांनी माझा हात धरला.

"थोडं थांबशील?" म्हणाले. "उडता सरडा बघायचा राहिलाय अजून."