फ्रेंच आडनावांची साफसफाई

शॉमबर्गच्या लायब्ररीत दर मंगळवारी आम्ही काही रिकामटेकड्या बायका चर्चच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर उतरवतो. इलिनॉयच्या शेतगावांत येऊन राहिलेल्या फ्रेंच कुटुंबांच्या या नोंदी: जन्म, लग्न, मरण. मला फ्रेंच ओ की ठो कळत नाही, पण कळायची गरजही नाही. पाद्रीबाबाने जे लिहिलंय तेच उतरवायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा इथला नियम. मराठी माणसाला तो किती जड जातो ते काय सांगू.

या फ्रेंच मंडळींना आडनावं दोन-दोन. एक मूळचं, दुसरं गावावरून नाहीतर सैन्यातल्या टोपणनावावरून पडलेलं, आणि मधे 'ऊर्फ'सारखा एक शब्द. बापाची नोंद दोन्ही आडनावांनी, थोरलीची नुसत्या पहिल्याने, धाकटीची नुसत्या दुसऱ्याने. बाकीच्या बायका कपाळाला हात लावायच्या. मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे तरी दुसरं काय आहे?

माझ्या शेजारी बसणारी म्हातारी याच फ्रेंचांपैकी. ती एका बाळाच्या शोधात होती. तिची आजी सांगायची, मला धाकटी बहीण होती, मी तिला मांडीवर घेऊन बसायचे, तापाने गेली ती. घरात कुणाचाच विश्वास नव्हता. आजीला भ्रम झालाय म्हणून सगळे हसायचे, त्यात ही नातही होती. आता तिला एवढंच हवं होतं, आजी खरं बोलत होती की नाही.

अशात आमच्या इथल्या मराठी मंडळातला, कंपनीत डेटाचंच काम करणारा एक डेटावाला मदतीला धावून आला. मूळचा पुण्याचा, त्यामुळे मदत कुणी मागायची वाट त्याने पाहिली नाही. एका मंगळवारी छाती फुगवून म्हणाला, "काकू, डेटा फार डर्टी होता. वीकेंडला बसून क्लीन केला. आता एका माणसाला एकच सरनेम. दुसरं डिलीट."

म्हातारीने लगेच आजीच्या वडिलांची सगळी मुलं शोधली. पडद्यावर एकच मुलगी आली, तिची आजी. बापाचं दुसरं आडनावच कापल्यावर त्या आडनावाची लेक त्याची राहणार कशी? म्हातारीने चष्मा काढला. "म्हणजे भ्रमच होता," म्हणाली आणि पर्स उचलली.

माझं डोकं फिरलं. याच गृहस्थाने गेल्या वर्षी आपल्या काकांना इकडे बोलावलं होतं. याच्या वडिलांनी गावाचं आडनाव घेतलेलं, काकांनी मूळचंच ठेवलेलं. पुतण्याचं आडनाव वेगळं कसं, असं व्हिसाच्या अधिकाऱ्याने काकांना विचारलं, तर हा मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणात श्रीखंड वाढून घेता घेता त्या अधिकाऱ्याची अक्कल काढत होता.

"काय रे, तुझे काका सापडतील का तुझ्या या क्लीन डेटात?" मी सगळ्यांदेखत विचारलं, आणि म्हातारीला कळावं म्हणून इंग्रजीतही विचारलं.

तो आधी हसला, मग त्याचं हसू मावळलं. "सॉरी काकू. बॅकअप आहे," म्हणाला. तेवढी तरी अक्कल त्याने शिल्लक ठेवली होती.

मी म्हातारीला हाताला धरून परत बसवलं. जुन्या नोंदी चढल्या, बापाची दोन्ही आडनावं परत आली, आणि त्यांतल्या दुसऱ्या आडनावाखाली एक मुलगी निघाली. आईबाप तेच. एका पानावर जन्म, पुढच्या पानावर मरण.

"एज केस होती, हजारात एखादी नियमात बसत नाही," डेटावाला पुटपुटला.

एका तान्ह्या पोरीला तो एज केस म्हणाला.

म्हातारीचं लक्षच नव्हतं. तिने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"आजी मरेपर्यंत सांगत होती," ती म्हणाली. "आणि ती मरेपर्यंत आम्ही हसत होतो."