पत्र्याखालचं शेत

कुरकुंभच्या आमच्या कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. केमिकलचा प्लांट, ठिणगीचं भय. गेटवरच्या खणात फोन ठेवायचा आणि शिफ्ट संपली की घ्यायचा. त्यामुळे बाहेरच्या जगात जे काही व्हायचं ते होऊन जातं आणि मला मागाहून कळतं. त्या दिवशीही तसंच झालं. पहिली पाळी करून बाहेर आलो, फोन हातात घेतला, तर भाचीचे, मनीषाचे, कॉलवर कॉल येऊन गेलेले. लावला. ती म्हणाली, "मामा, आप्पा गेले. सकाळीच. शेतात." आप्पा म्हणजे तिचे वडील, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो. पाळी करून आलेल्या माणसाला दुःखसुद्धा लगेच होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी आधी टपरीवर बसून चहा प्यायलो. मग पाटस, चौफुला, न्हावरं करत त्यांच्या गावी, निमोण्याला निघालो. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर पुढे, आणि मी त्यांच्या मागे मुकाट्यानं चाललेला. ओव्हरटेक करायचंही मनात आलं नाही. पोचून तरी काय करणार होतो...

आता दहावा होऊन काही आठवडे झालेत. दाजींबद्दल लिहायचं म्हटलं तर गावाला सांगण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत, सप्त्यात पुढे बसले नाहीत. कांदा केला, गाई सांभाळल्या, दोन मुलींची लग्नं केली. मला मात्र त्यांची आठवण येते ती एका प्रोजेक्टरपायी. हसू येईल वाचणाऱ्याला, पण खरं आहे. त्यांचं आणि माझं शेवटच्या दिवसांत जेवढं बोलणं झालं, ते सगळं त्या यंत्राविषयीच झालं.

आक्का गोठ्यात घसरून पडली आणि तिच्या मणक्याला मार बसला. डॉक्टरांनी उताणं पडून राहायला सांगितलं. बसायचं नाही, कुशीवर वळायचं तर दुसऱ्यानं वळवायचं. जिचा जन्म शेतात वाकून गेला, तिनं आता पत्र्याकडे बघत पडायचं. सुरुवातीला येणारे-जाणारे होते. मग तेही कमी झाले. आक्काचं बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. दाजींनी टीव्ही तिच्या पायथ्याशी आणून ठेवला, पण मान उचलल्याशिवाय दिसेना. मोबाइल तोंडावर धरायचा तर हात भरून यायचा आणि फोन नाकावर पडायचा. एक दिवस दाजी मला म्हणाले, "पाव्हणं, तिला काय बगायचंय ठावं हाय का? शेत. मी रोज येऊन सांगतो, कांदा आसा हाय, गाय तशी हाय. ती म्हंते, तुमी सांगताय त्याच्यात मला काय दिसंना." मला मेव्हणा म्हणायच्या ऐवजी ते कायम पाव्हणं म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचे. मी वयानं केवढा तरी लहान, पण बायकोच्या माहेरचा माणूस म्हणजे मान द्यायचाच.

मनीषाच्या घरी पुण्याला मोठा टीव्ही आल्यावर त्यांचा लहान प्रोजेक्टर माळ्यावर जाऊन पडला होता. तिनं तो आणून दिला. त्याची मान वर करता यायची, म्हणजे चित्र थेट वर पाडता यायचं. आता हे सगळं जोडून द्यायचं काम कुणाचं? तर माझं. मी कंपनीत इन्स्ट्रुमेंटला आहे, म्हणजे वायर असलेली जगातली प्रत्येक वस्तू मला कळते, असं आमच्या नातेवाइकांत सगळ्यांचं ठाम मत आहे. मिक्सर बिघडला तरी फोन मलाच. सुट्टीच्या दिवशी अंग आंबलेलं असताना मी दौंडहून गाडी काढून निमोण्याला गेलो, ते मनातल्या मनात कुरकुर करतच.

पत्रा नालीदार. त्यावर चित्र पाडलं तर सगळं लाटालाटांचं दिसायचं. प्रोजेक्टरमध्येच राहिलेला मनीषाचा एक फोटो पाडून बघितला, तर तिला दहा हनुवट्या. दाजींनी ट्रंक उघडली. लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेली, कधीच न नेसलेली धोतरं त्यात घडीची पडलेली होती. त्यांतली दोन जोडून पत्र्याखाली अँगलला ताणून बांधली. खिडकीला गोधडी लावून अंधार केला. धोतर मध्ये जरा लोंबत राहिलं ते राहिलंच. मग वायर. शिरूरच्या दुकानातून आणलेली वायर आक्काच्या फोनला बसली, प्रोजेक्टरला बसली, आणि पुढे काही नाही. निळा उजेड आणि त्यात सिग्नल नाही एवढी अक्षरं. वायर बदलली, तोंड बदललं, बटणं दाबली. शेवटी कळलं, की त्या फोनच्या भोकातून फक्त चार्जिंग होतं, चित्र बाहेर पडतच नाही. म्हणजे वायरचा खटाटोप सगळा पाण्यात. बिनवायरीचं करायचं तर फोन आणि प्रोजेक्टर दोन्ही एकाच वायफायवर हवेत. घरात वायफाय नव्हतं. दाजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला, दोन्ही त्याला जोडली आणि धोतरावर आक्काच्या फोनचा पडदा उमटला. उलटा.

मी प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये शिरलो. दाजी म्हणाले, "त्यापरीस खाटच फिरवू." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी खाटेला हात घातलाही. तशी खाटेवरून आक्का कडाडली, "अवं, दक्षिणंला पाय करून झोपवता व्हय मला? मेली न्हाई मी अजून! मला कशाला फिरवताय, त्या डब्याला फिरवा की." डबा फिरवला. चित्र सुलट. पडल्यापासून पहिल्यांदा आक्का हसली ती तेव्हा. दाजी तर तोंडाला टॉवेल लावून बाहेरच गेले. हसत होते की डोळे पुसत होते, ते मी बघायला गेलो नाही.

ठरलं असं, की दाजींनी शेतात जाऊन आक्काला व्हिडिओ कॉल करायचा. तिनं उशाजवळच्या फोनवर बोट ठेवायचं, की शेत पत्र्याखाली. दाजी मोठ्या ऐटीत निघाले. कॉल आला, आक्कानं घेतला, दाजींचं नाक दिसलं, मग अंगण, मग गोठ्याची मेढ... आणि बंद. ते परत आले. परत जोडलं, परत चालू. परत निघाले, गोठ्याशी गेले, बंद. तीनदा झालं. मी तापलो. यंत्राला शिव्या दिल्या, मनीषाला फोन करून डाफरलो. मग डोक्यात उजेड पडला. घरातलं नेट दाजींच्या खिशात होतं. ते गोठ्यापलीकडे गेले, की नेट त्यांच्याबरोबर चालतं व्हायचं. आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. आक्काच्याच फोनवर रिचार्ज मारून तिथून हॉटस्पॉट दिला, तेव्हा कुठं जमलं. मी घरी पोचलो तेव्हा पाठीचे तुकडे झाले होते.

पुढे रोज सकाळी हा कार्यक्रम. आणि माझी पहिली पाळी नसली, की रोज मला फोन. "पाव्हणं, निळंच दिसतंय." "आधी प्रोजेक्टर चालू करा दाजी, मग आक्काचा हॉटस्पॉट." "केला." "प्रोजेक्टरनं तो धरला का?" "आता त्यानं काय धरलंय, मला कसं कळावं?" दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी सकाळी जरा पडलेला असायचो, तोच हा फोन. वैताग यायचा. रात्रपाळीच्या आठवड्यात तर बायको फोन लपवून ठेवायची. पण दाजींचं एक होतं, ते शिकले. हळूहळू फोन कमी झाले आणि ते मला शेवटी एवढंच सांगायला लागले, "लागलं बरं का. झोपा तुमी."

एकदा मी सुट्टीच्या दिवशी तिथं खाली चटईवर उताणा पडून तो कार्यक्रम बघितला. उभी, अरुंद पट्टी. तिच्यात शेत म्हणून काय, तर दाजींचे पाय. त्यांना फोन डोळ्यांसमोर धरून चालता यायचं नाही. बांधावरून चालणारा माणूस खाली बघून चालतो, आणि फोन त्यांच्या हातात खुरप्यासारखा मांडीशी लोंबत असायचा. त्यामुळे दिसायच्या त्या दोन स्लिपरा, डावीचा पट्टा तारेनं बांधलेला, आणि त्यांच्या पुढेमागे सरकणारी माती. मी ओरडलो, "दाजी, फोन वर धरा की जरा! आक्काला शेत दिसू द्या." खाटेवरून आक्का म्हणाली, "तू गप रं. मला दिसतंय." आणि खरंच दिसत होतं तिला. पायाखालच्या मातीवरून ती सांगायची, आता विहिरीशी आलात, आता शेवग्याखाली. मध्येच म्हणायची, "थांबा. हितं पाणी पोचलं न्हाई." दाजी थांबायचे, वाकायचे, बोट मातीत खुपसायचे. "व्हय गं. कोरडंच हाय." मग पाण्याचा दंड फोडून पाणी तिकडे वळवायचे. अशा तऱ्हेनं आक्कानं खाटेवर पडल्या पडल्या तो कांदा वाढवला. जेवायला लागली. भांडायला लागली. डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे. ती कशानं झाली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या सकाळी दाजी याच कॉलवर होते. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनीषाला म्हणालो, पुढचं नको सांगू. पण आक्कानंच नंतर सांगितलं, एकेक शब्द सुटा करत. "चालत व्हते. पाय थांबले. मी म्हनलं, का वं थांबलात? तवर सगळं फिरलं... आन् आभाळ आलं. नुस्तं आभाळ." फोन मातीत उताणा पडला होता. पत्र्याखालच्या धोतरावर निळं आभाळ, आणि आक्का त्याखाली पडलेली, उठता न येणारी. दुसऱ्या कुणाला फोन लावायचा तर हा कॉल तोडायला हवा होता. तो तिनं तोडला नाही. "त्यास्नी कसं सोडू?" एवढंच म्हणाली. ती हाका मारत राहिली, त्यांना आणि शेजाऱ्यांना, एकाच आवाजात. शेजारीण आली, माणसं शेताकडे पळाली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की जागच्या जागीच गेले, कुणी लगेच पोचलं असतं तरी उपयोग नव्हता. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. मी थकून जातो त्याचा विचार करून.

त्यानंतर आक्कानं प्रोजेक्टर लावू दिला नाही. मनीषा कामावरून रजा काढून येऊन राहिली होती. खिडकीची गोधडी काढली, खोलीत ऊन आलं, पण आक्का डोळे मिटूनच पडायची. पुन्हा ताट परत जायला लागलं. दाजींच्या मागे शेत एका वाटेकऱ्याकडे दिलं होतं, पण त्यानं काही विचारलं तर हिचं उत्तर एकच, "करा तुमच्या मनानं." जिनं बोटभर कोरडी जागा कधी सोडली नाही, ती आता असं बोलायला लागली. धोतरांवर धूळ बसली होती. गेल्या सुट्टीच्या दिवशी मी गेलो, तर मनीषा म्हणाली, "मामा, ती तरी काढून टाकू या. उगाच तिच्या डोळ्यांसमोर." मी स्टूल ओढलं, वर चढलो, गाठीला हात घातला. आक्कानं डोळे उघडले. बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे ते. उतर खाली. कांदा कसा हाय, बगून ये जा." जरा थांबून म्हणाली, "लाव ते."

गोधडी पुन्हा टांगली. आधी प्रोजेक्टर, मग आक्काचा हॉटस्पॉट. त्यानं धरला. मनीषाला खाटेशी उभी करून मी शेताकडे निघालो. गोठ्यापलीकडे जाऊन कॉल लावला. या बाबतीत आपण तरी नीट करू म्हणून फोन दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला, हलू न देता, आणि सगळं दाखवत निघालो. विहीर, शेवगा, कांद्याचा हिरवागार तुकडा, पलीकडची बाभळीची रांग, वरचं स्वच्छ आभाळ. मनीषाचा आवाज आला, "मामा, किती छान दिसतंय!" आक्काचा आवाज नाही. मी चालत राहिलो. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. मग फोनमधून ती म्हणाली, अगदी हळू.

"आभाळ नको दावू, बाळू. खाली धर."

मी हात खाली सोडला. फोन मांडीशी आला. मला आता काही दिसत नव्हतं, तिला काय दिसत होतं ते मला माहीत होतं. माझे पाय. वाफ्याच्या कडेनं, दाजी जायचे त्याच डाव्या अंगानं, खाली बघत मी चालायला लागलो. मातीत पाय रुतत होते, कंपनीचे बूट जड झाले होते. तुकड्याच्या टोकाला आलो आणि वळणार, तेवढ्यात मांडीशी लोंबणाऱ्या त्या फोनमधून आवाज आला, पूर्वीसारखा, खडसावणारा.

"थांब. हितं पाणी पोचलं न्हाई."