काकूच्या नावाचा कागद

आमच्या काकांना आजाराची भीती नव्हती, आजाराच्या कागदाची होती. घरात कुणी तापाने फणफणलं तरी चालेल, पण ते डॉक्टरच्या फाइलवर चढता कामा नये. "लिहिलं की लागलं," असं म्हणायचे आणि मोठं गुपित सांगितल्यासारखे माझ्याकडे बघायचे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही.

तळोज्याच्या कंपनीतून रिटायर झाले तसा कंपनीचा मेडिक्लेम संपला. नवा घेताना एजंट म्हणाला, जुना आजार सांगितलात तर हप्ता वाढेल, शिवाय तीन वर्षं त्याचा खर्च मिळणार नाही. काकूला शुगर होती; शेजारणीच्या मशीनवर दोनदा भलतीच वर आली होती. काकांनी फॉर्मवर ठोकून दिलं, 'कोणताही आजार नाही'. "आत्ता निघालं तर जुना आजार म्हणतील. तीन वर्षं काढायची, बस. मग तुला एसी रूममध्ये ठेवतो," काकूला म्हणाले. काढायची होती काकूने, पण थाट असा की हेच लढाईवर निघालेत.

तोवर शिरवण्याच्या एका मेडिकलमधून गोळ्या यायच्या, चिठ्ठीशिवाय, दुकानदाराच्या अंदाजाने. रक्त तपासायचं झालं की लॅबमध्ये नाव माझं! "तुझं सासरचं आडनाव वेगळं, कुणाला काय कळतंय?" काकू मुकाट्याने माझ्या नावाने हात पुढे करायची. नाही म्हणता आलं असतं मला. नाही म्हटलं नाही, याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसून हे गृहस्थ सगळ्यांना सल्ले द्यायचे. "मोठी हॉस्पिटलं म्हणजे लूट हो नुसती." ते अगदीच खोटं नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकांनी बिलापायी गावची जमीन विकली, ते काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घाबरले असतील. पण घाबरलो म्हणायचं सोडून हा माणूस हुशारी मिरवत होता.

तिसऱ्या वर्षी भातात खडे यायला लागले. काका चिडून ताटावरून उठले. काकू मला हळूच म्हणाली, "डोळ्यांपुढे काळं काळं तरंगतं गो. तांदूळ दिसत नाहीत नीट."

मी भांडले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता वाशीला नेऊया, पैसे मी देते. काका शांतपणे म्हणाले, "सातच महिने राहिलेत. आता लिहून आलं तर केलंसवरलं सगळं पाण्यात."

सात महिने झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, ते तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात बॅटरी मारून विचारलं, "शुगर केव्हापासून?"

"परवाच कळलं, मॅडम."

"काका, डोळ्याच्या पडद्याची ही खराबी परवाची नाही. वर्षभर आधी आणलं असतंत तर नजर राहिली असती." आणि फाइलवर त्यांनी तेच लिहिलं, 'अनेक वर्षांचा मधुमेह'. ऑपरेशन झालं. काकूला उजेड आणि सावल्या तेवढ्या उरल्या.

महिन्याभराने विमा कंपनीचं पत्र आलं. काकांनी वाचलं आणि गुपचूप घडी घातली.

"काय आलंय?" काकूने विचारलं.

"काही नाही गं. असंच."

"वाचून दाखवा."

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना हुकूम केला. काका इंग्रजी पत्र अडखळत मराठीत सांगू लागले. आधी तिचं पूर्ण नाव, मध्ये त्यांचं स्वतःचं. मग, यांना अनेक वर्षांपासून मधुमेह असून तो लपवल्यामुळे खर्च नामंजूर.

"माझंच नाव आहे ना त्यावर?" काकू म्हणाली.

"हो."

"मग परत वाचा."